वाटांचं जाळं विणायचं तर पूल शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका परिसरात पाच-सहा वस्त्यांच्या आसपास तुटक तुटक वाटा आहेत: बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा पट्टा, कालव्याकडेची देखभालीची वाट, टेकड्यांवरच्या जुन्या पायवाटा. त्या जोडून चालणारे, पळणारे, सायकलवाले, घोडेस्वार आणि चाकाच्या खुर्चीवरून येणारे अशा सगळ्यांसाठी एक जाळं करायचं आहे. गट छोटा, पैसा जेमतेम, आणि मध्ये एक नदी आहे जिच्यावर पूल हवा. सुरुवात कुठून करावी आणि पुढे हे सगळं टिकवावं कसं?

गेली बावीस वर्षं मी हेच काम करतोय. आधी फावडं घेऊन, मग आखणी करणारा म्हणून, आणि आता बऱ्याचदा इतरांनी बांधलेली वाट का खचली हे बघायला. तुमच्या पत्रात पुलाचा उल्लेख चार वेळा आला आणि पाण्याच्या निचऱ्याचा एकदाही नाही, म्हणून उलट्या क्रमाने सांगतो. पूल शेवटी. आधी पाणी, मग कागद.

पाय, खूर आणि चाकं माती सैल करतात; तिला वाहून नेतं ते पाणी. तुमच्या टेकड्यांवरच्या पायवाटा बहुतेक सरळ माथ्याकडे जाणाऱ्या असतील, कारण पायी जाणारा जवळची वाट धरतो. उताराच्या दिशेने सरळ जाणारी अशी वाट पावसाला आयता ओढा म्हणून मिळते. अशा एका वाटेवर आम्ही आडवे ओंडके पुरून पाणी बाहेर काढायचा प्रयत्न केला. ओंडक्यांमागे गाळ साचला, पाणी त्यांच्यावरून उड्या मारायला लागलं, सायकलवाले ओंडके चुकवायला कडेने जायला लागले. दोन पावसाळ्यांत एकीच्या तीन वाटा झाल्या आणि मधलीत पोटरीइतकी घळ पडली. दुरुस्ती केली की पुढच्या वर्षी पुन्हा येरे माझ्या मागल्या. शेवटी ती वाट झाडोरा टाकून बंद केली आणि त्याच माथ्यावर जाणारी, जवळजवळ दुप्पट लांबीची वाट उताराला आडवी काढली. तिला अकरा वर्षं झाली. वर्षातून एक दिवस काम पुरतं.

आखणीत मी न मोडणारा नियम हा: वाटेचा चढ त्या जागच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त होऊ द्यायचा नाही. उतार १६ टक्के असेल तर वाट ८ टक्क्यांच्या आत. चढ निम्म्याच्या वर गेला की वाट ओलांडून खाली जाण्यापेक्षा वाटेवरूनच धावणं पाण्याला सोपं पडतं. पूर्ण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवायचा. पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला, साधारण ५ टक्के, म्हणजे पाणी पातळ पत्र्यासारखं वाटेवरून सरकून बाहेर जातं. आणि चढणारी वाट दर पंधरा-वीस मीटरांवर थोडी उतरवून पुन्हा चढवायची. भुसभुशीत मातीत त्याहूनही जवळ. पाण्याने कितीही जोर धरला तरी त्या खोलगट जागी त्याला वाट सोडावीच लागते. हे चढउतार आखणीतच बसले पाहिजेत, कारण नंतर खणून केलेले मातीने भरून जातात.

वाट टेकडीत पूर्ण कोरून काढा. कोरून निघालेली माती खालच्या कडेला टाकून अर्धी वाट तिच्यावर उभी करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण खोदाई निम्मी वाचते. तो भराव बसतो, कड ढासळते, लोक आतल्या बाजूला सरकतात आणि तिथे पन्हळ तयार होते.

आखणीला दोघं लागतात. एकाच्या हातात उतार मोजायचं छोटं यंत्र, दुसऱ्याच्या हातात काठी. काठीला पहिल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगीत फीत बांधलेली. दुसरा दहा-पंधरा पावलं पुढे जातो, पहिला फितीवर नेम धरून आकडा वाचतो आणि ओरडतो: खाली, अजून खाली, थांब. तिथल्या झुडपाला फीत बांधायची आणि पुढे. दिवसात किलोमीटरभर झालं तर पुष्कळ. दुसऱ्या दिवशी ती फितींची रेघ उलट्या बाजूने चालायची आणि निम्म्या फिती हलवायच्या. हे काम कागदावर होत नाही. उपग्रहचित्रावरून आखलेली वाट मी आजवर जशीच्या तशी बांधलेली नाही.

रेल्वेच्या पट्ट्याचं दुखणं वेगळं आहे. रेल्वेचा चढ सहसा दोन-तीन टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणून लहान मुलं, वयस्कर माणसं आणि चाकाची खुर्ची वापरणारे यांच्यासाठी तुमच्या अख्ख्या जाळ्यातला हाच सर्वांत मोलाचा तुकडा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १९६७ साली खुला झालेला एलरॉय-स्पार्टा ट्रेल हे या प्रकारचं जुनं आणि नावाजलेलं उदाहरण. सुमारे ५१ किलोमीटर, वाटेत तीन बोगदे. सपाट पट्ट्यावर मात्र पाणी हलतच नाही. दोन्ही कडांचे चर गाळाने भरलेले असतात आणि मोऱ्या बुजलेल्या. नवी खडी टाकायच्या आधी त्या उघडा. एका मोरीचं तोंड मोकळं करायला आम्ही चौघांनी अर्धा दिवस घालवला होता. पहार आत जाईना, मुळ्यांचा बोळा हातांनी ओढून काढावा लागला. पलीकडून पाणी सुटलं आणि वरच्या तीनशे मीटरांतला चिखल, ज्यावर आधीच्या गटाने दोनदा खडी ओतली होती, आठवड्याभरात वाळला. आणखी एक गोष्ट: जुन्या रेल्वेमार्गांच्या मातीत तणनाशकांतलं आर्सेनिक आणि लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांना चोपडलेलं क्रिओसोट हे विषारी तेल सापडू शकतं. खोदण्याआधी माती तपासून घ्या.

आता कागद. वर्षानुवर्षं लोक जातात, म्हणून वाट आपली, असं नसतं. रेल्वेचा पट्टा रेल्वेच्या मालकीचा असेल असं गृहीत धरू नका. बऱ्याच ठिकाणी रेल्वेकडे फक्त गाडी नेण्याचा हक्क होता आणि गाडी बंद पडताच तो हक्क संपतो. अमेरिकेत १९८३ मध्ये यासाठी कायद्यात खास तरतूद झाली: मार्ग भविष्यात पुन्हा रेल्वेला लागला तर परत द्यायचा या अटीवर राखून ठेवायचा आणि तोवर वाट म्हणून वापरायचा. ज्या पट्ट्यांना हे कवच मिळालं ते टिकले. १८७५ च्या कायद्याखाली सरकारी जमिनीतून गेलेल्या आणि नंतर सोडून दिलेल्या एका मार्गाबद्दल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जमीनमालकाच्या बाजूने निकाल दिला: रेल्वेकडे होता तो केवळ वहिवाटीचा हक्क, आणि तो संपला. तुमच्या देशातला कायदा वेगळा असेल, पण प्रश्न हाच असेल. एका जाणत्या वकिलाला पूर्ण पट्ट्याची कागदपत्रं तुकड्यातुकड्याने बघायला लावा. पहिला मोठा खर्च यावर झाला तरी चालेल.

खासगी जमिनीतून जाणाऱ्या तुकड्यांसाठी तोंडी परवानगीवर विसंबू नका. देणारा मनापासून देतो, पण जमीन विकली जाते किंवा मुलांकडे जाते आणि एका सकाळी वाटेवर कुंपण असतं. माझ्या बाबतीत हे दोनदा घडलंय, आणि दुसऱ्या वेळी त्या एका शेतामुळे अठरा किलोमीटरची फेरी मधोमध तुटली. लेखी करारात निदान एवढं असू द्या: कोण वापरणार (घोडे चालतील की नाही हे स्पष्ट), अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, फाटकं आणि कुंपण कोण सांभाळणार, करार संपवायचा तर किती आधी सांगायचं, आणि जमीन विकली तरी तो नव्या मालकावर बंधनकारक राहील का. मालकांना भेटायला पहिल्या वेळी नकाशा नेऊ नका. नकाशावर रेघ दिसली की त्यांना वाटतं सगळं ठरलंय, आपल्याला फक्त सांगायला आलेत. त्यांच्याबरोबर बांधावरून चाला, त्यांना कशाची धास्ती आहे ते ऐका. बहुतेकांना कुत्री, उघडी टाकलेली फाटकं आणि रात्रीची वर्दळ यांची काळजी असते, आणि या तिन्हींवर उपाय आहेत. काही वेळा मालकच सांगतो की वाट तिकडून न्या, तिथे ओल कमी असते, आणि तो बरोबर असतो.

ज्यांना शक्य आहे त्यांनी कायद्याच्या पातळीवरही विचार करावा. स्वित्झर्लंडमध्ये १९७९ साली मतदारांनी पायवाटांना राज्यघटनेत स्थान दिलं आणि १९८५ च्या कायद्याने नोंदलेली वाट बंद करावी लागली तर तिच्या बदल्यात दुसरी देण्याचं बंधन घातलं. तिथल्या खुणा केलेल्या पायवाटांची लांबी आज ६५,००० किलोमीटर आहे. इतकी लांबी टिकते त्यामागे या बंधनाचाही मोठा हात आहे असं मला वाटतं.

जाळ्याची रचना करताना वस्त्या सरळ रेघांनी जोडू नका. फेरी मारून जिथून निघालो तिथे परत येता येईल असे वर्तुळाकार तुकडे आधी करा, लहान आणि मोठे, एकमेकांना चिकटलेले. लोक येतात ते तास-दोन तास मोकळे काढून. लांब पल्ल्याचे प्रवासी नंतर येतात. अमेरिकेतला पिट्सबर्ग ते कंबरलँड हा सुमारे २४० किलोमीटरचा ग्रेट ॲलेगेनी पॅसेज २०१३ मध्ये पुरा झाला, पण त्याचा पहिला तुकडा १९८६ मध्येच वापरात आला होता. मधल्या काळात प्रत्येक तुकडा आपापल्या पायावर उभा होता, आणि १९९५ मध्ये सात स्थानिक गटांनी एकत्र येऊन एक आघाडी केली. तुमच्यासाठी यातलं घेण्यासारखं हे की गट विलीन झाले नाहीत. प्रत्येकाचा पट्टा प्रत्येकाकडे राहिला. पाट्या, नकाशे, निधी हे सामाईक झालं.

दिशादर्शनासाठी फाट्यांना क्रमांक द्यायची पद्धत मला सर्वांत आवडते. बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात १९९५ मध्ये सायकलवाटांसाठी ती सुरू झाली. ह्युगो बोलेन या खाण अभियंत्याची ही कल्पना. प्रत्येक फाट्यावर आकडा आणि पुढच्या फाट्यांकडे बाण. माणूस चार आकडे लक्षात ठेवून स्वतःची फेरी ठरवतो. नवी वाट जोडली तर एक आकडा वाढतो, जुन्या पाट्या फेकाव्या लागत नाहीत. संकटात फोन करणाऱ्यालाही आपण कुठे आहोत हे एका शब्दात सांगता येतं.

आता सगळ्यांना एकाच वाटेवर आणण्याबद्दल. इथेच घोडं पेंड खातं. भांडणांचं मूळ वेगाच्या फरकात असतं, वाहनाच्या प्रकारात नाही. सायकलवाला चालणाऱ्याच्या वेगाने गेला तर कोणाचं काही बिघडत नाही. म्हणून वेग आखणीतूनच कमी करा: लांब सरळ उताराच्या शेवटी आंधळं वळण ठेवू नका, वळणाआधी छोटा चढ द्या, नजर पोहोचेल इतकी झुडपं छाटा. प्रचलित नियम असा की सायकलवाल्याने सगळ्यांना वाट द्यायची आणि चालणाऱ्याने घोड्याला. पाटीवर तो चित्रात लावा, पण त्यामागचं कारण लोकांना सांगितलं तर तो पाळला जातो. घोडा हा शिकार होणारा प्राणी. वरच्या बाजूने किंवा मागून गुपचूप येणारी आकृती त्याला हिंस्र जनावर वाटते. म्हणून उताराच्या खालच्या बाजूला थांबायचं आणि बोलायचं. आवाज ऐकला की त्याला कळतं, हे माणूस आहे. मी हेल्मेट घातलेल्या पोरांच्या एका गटाला हे एकदा घोड्यासमोर उभं करून दाखवलं. ती गप्प उभी होती तोवर घोड्याचे कान ताठ, मान वर. एकाने "काय रे, कसा आहेस" म्हटल्याबरोबर त्याने मान खाली टाकली. त्या पोरांना पाटीची गरज उरली नाही.

सगळं जाळं सगळ्यांसाठी खुलं असलंच पाहिजे असं नाही. रेल्वेपट्टा आणि कालवा सर्वांसाठी ठेवा, रुंदी निदान ३ मीटर. घोड्यांसाठी जमिनीपासून ३ मीटर उंचीपर्यंत मोकळी जागा आणि जमलं तर कडेने मऊ मातीचा वेगळा पट्टा. टेकड्यांवरच्या अरुंद वाटांपैकी काही फक्त पायी जाणाऱ्यांना द्या, आणि तेवढ्याच चांगल्या काही सायकलवाल्यांना. एका गटाला फक्त उरलेलं दिलं तर ते लोक स्वतःच्या वाटा काढतात.

चाकाच्या खुर्चीसाठी चढाचे आकडे ठरलेले आहेत. अमेरिकी मार्गदर्शक नियमांत ५ टक्क्यांपर्यंतचा चढ कितीही लांब चालतो, ८.३३ टक्क्यांचा सलग ६१ मीटरपर्यंत, आणि मग विसाव्याची सपाट जागा हवी. जे तुकडे यात बसत नाहीत तिथेही सुरुवातीच्या पाटीवर सर्वांत अरुंद रुंदी, सर्वांत जास्त चढ, बाजूचा कल आणि पृष्ठभाग कसा आहे हे आकड्यांत लिहा. "अपंगांसाठी सोयीची" असा शिक्का मारून तुम्ही त्यांच्या वतीने निर्णय घेता. आकडे दिले तर आपल्याला झेपेल का हे ज्याचं तो ठरवतो. प्रवेशावर मोटारगाड्या अडवायला मधोमध खांब रोवू नका. अंधारात सायकलवाले त्यावर आपटतात आणि तिचाकी किंवा हाताने चालवायची सायकल अडकते. गाड्या खरोखर घुसतात असं दिसलं तरच काही करा.

पृष्ठभागासाठी बारीक फोडलेली खडी, तिच्यातल्या भुकटीसकट. नदीतली गोल गुळगुळीत खडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. गोट्या गोट्यांवर घसरतात, ती कधीच बसत नाही, आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं तिच्यात रुततात. खडी दहा सेंटिमीटरच्या आतल्या थरांत टाकून रोलर फिरवायचा. पाणी किती मारायचं यासाठी मूठ पुरते: मूठभर माल दाबा, लाडवासारखा गोळा राहिला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की दोन तुकडे व्हायला हवेत. बोटांतून पाणी निघालं तर थांबा, भुगा झाला तर अजून शिंपडा. सपाट पट्ट्यावर मध्यभाग कडांपेक्षा किंचित उंच ठेवला की झालं.

देखभालीबद्दल माझं मत ठाम आहे: ज्या किलोमीटरला नावानिशी माणूस मिळत नाही तो किलोमीटर बांधू नका. अमेरिकेतल्या ॲपलाचियन ट्रेलची कल्पना बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये मांडली, १९३७ मध्ये ती वाट सलग झाली. सुमारे ३,५०० किलोमीटर, बहुतांश केवळ पायी जाणाऱ्यांसाठी, आणि आजही ती सुमारे तीस क्लबांमध्ये वाटलेली आहे. प्रत्येक क्लबाला आपला पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठाऊक असतं. तुमच्याकडेही तसंच करा. दोन-तीन किलोमीटरचा पट्टा, एक जबाबदार माणूस, एक वही. वहीत तारीख, काय पाहिलं, काय केलं, काय राहिलं. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांच्या आत एक फेरी सक्तीची.

त्या फेरीत बघायचं मुख्य काम छोटं आणि कंटाळवाणं आहे. वापरामुळे वाटेच्या खालच्या कडेला मातीचा बारीक बांध तयार होतो, जेमतेम तीन-चार बोटं उंच. तो पाणी अडवतो आणि सगळी आखणी फुकट जाते. फावड्याने तो खरवडून उताराखाली टाकायचा आणि पाणी बाहेर पडायच्या जागा मोकळ्या करायच्या. माझ्या हिशेबाने देखभालीचं निम्मं काम एवढंच आहे. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर याच कामाला माणसं मिळत नाहीत, कारण त्याचे फोटो काढण्यासारखे नसतात. म्हणून स्वयंसेवकांना बोलावताना दोन तासांचंच काम द्या, हत्यारं धार लावून तयार ठेवा, आणि शेवटी त्यांनीच उघडलेल्या जागेवर बादलीभर पाणी ओतून दाखवा. पाणी वळून बाहेर गेलं की लोकांचे चेहरे बदलतात, आणि ते पुन्हा येतात.

पैशाचंही तसंच. बांधकामाला देणारे भेटतात, देखभालीला भेटत नाहीत. न्यूझीलंडमधल्या ओटागो सेंट्रल रेल ट्रेलवर, २००० साली खुल्या झालेल्या सुमारे १५० किलोमीटरच्या वाटेवर, जमीन सरकारच्या संवर्धन खात्याकडे आहे आणि निधी उभारायला स्थानिक लोकांचं विश्वस्त मंडळ आहे. ही विभागणी मला शहाणपणाची वाटते. देणगी स्वीकारताना तिचा काही भाग देखभालीच्या ठेवीत जाईल हे आधीच ठरवा आणि ज्याला हे मान्य नाही त्याला नम्रपणे नाही म्हणा.

आणि आता तुमचा पूल. मी एका कामात पूल आधी बांधून घेतला होता. त्याच्या पलीकडची जमीन मिळायला सहा वर्षं लागली. तोवर फळ्या तपासायची जबाबदारी कोणावरच नव्हती, त्या कुजल्या, आणि वाट खुली झाली त्या वर्षी पूल बंद होता. तुमच्या नदीवर आधी सध्याच्या रस्त्याच्या पुलावरून वळसा घालून पाटी लावा. दोन वर्षं वापर बघा. घोडे खरोखर येतात का हे तेव्हा कळेल, आणि त्यावर पुलाची ताकद, कठड्याची उंची (घोडेस्वारांसाठी सुमारे १.४ मीटर लागते) आणि न घसरणारी फरसबंदी ठरेल.

तोवर एक काम करा. पुढचा जोराचा पाऊस सुरू असताना तिघा-चौघांनी छत्र्या घेऊन टेकडीची वाट आणि रेल्वेपट्टा पूर्ण चाला. पाणी वाटेवर कुठे चढतं, किती पावलं वाटेवरून धावतं आणि कुठे बाहेर पडतं, एवढंच नकाशावर पेन्सिलीने टिपा. तो भिजलेला नकाशा आणि जमिनींच्या मालकांची यादी पाठवा; आखणी कुठून सुरू करायची ते त्यावरून सांगता येईल.